बरा होत असलेला रुग्ण दूरवर न्यायचाय: विमा कुठे पैसे देतो आणि कुठे हात वर करतो

रुग्ण आयसीयूतून बाहेर आलाय, नळ्या निघाल्यात, दोन घास खातोय, डॉक्टर 'आता घरी न्या' म्हणताहेत. पण घर आठशे किलोमीटर लांब आहे, किंवा समुद्रापलीकडे. आणि खुर्चीत वीस मिनिटांपेक्षा जास्त बसवत नाही. विम्याच्या दृष्टीने सगळ्यांत अडचणीचा रुग्ण हाच. तातडीचा रुग्ण कुठल्या कलमात बसतो हे ठरलेलं असतं, ठणठणीत माणूस तिकीट काढून जातो. मधल्या माणसासाठी पॉलिसीत बहुतेक वेळा स्वतंत्र ओळच नसते, आणि असली तरी ती वाचताना घरच्यांची हमखास गल्लत होते.

साध्या आरोग्य विम्यात 'रुग्णवाहिका खर्च' अशी जी तरतूद दिसते, ती घटनास्थळापासून जवळच्या योग्य रुग्णालयापर्यंतच्या धावपळीसाठी असते. एका रुग्णालयात सोय नाही म्हणून दुसऱ्या रुग्णालयात हलवणंही काही पॉलिसींत त्यात येतं. डिस्चार्जनंतर घरापर्यंतचा प्रवास मात्र सहसा येत नाही. शिवाय त्या तरतुदीवर वेगळी मर्यादा असते, आणि ती शहरातल्या फेरीच्या हिशेबाने ठेवलेली असते. एकूण विमा रक्कम कितीही मोठी असली तरी या खात्यातून तेवढेच मिळतात.

प्रवास विम्यात दोन वेगळी कलमं असतात. पहिलं वैद्यकीय स्थलांतराचं: जिथे आहात तिथे उपचार होऊ शकत नसतील तर उपचार होऊ शकतील अशा सर्वांत जवळच्या ठिकाणी नेणं. 'सर्वांत जवळच्या' हे शब्द अधोरेखित करून ठेवा. ते ठिकाण तुमच्या घराजवळचं असेलच असं नाही, तिसऱ्याच देशातलंही असू शकतं. दुसरं कलम मायदेशी परत आणण्याचं: तब्येत स्थिर झाल्यावर, पण रुग्ण नेहमीसारखा प्रवास करू शकत नसताना, घराजवळच्या रुग्णालयात किंवा घरी पोचवणं. बऱ्या होत असलेल्या रुग्णाला लागतं ते हे दुसरं. काही स्वस्त पॉलिसींत पहिलं असतं आणि दुसरं नसतं. काहींत दुसऱ्या कलमाच्या नावाखाली फक्त मृतदेह परत आणण्याचा खर्च असतो. विकताना दोन्हींना एकच नाव दिलेलं असतं, म्हणून माहितीपत्रकावर न जाता कलमांचा मूळ मजकूर वाचावा.

या संरक्षणाला गृहीत धरू नये, कारण देशोदेशीचे नियम सारखे नाहीत. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठीच्या विम्यात किमान 30,000 युरोचं संरक्षण लागतं आणि त्यात वैद्यकीय कारणाने मायदेशी परत पाठवण्याचा खर्च धरलेला असावा लागतो. उलट ब्रिटनच्या जीएचआयसी कार्डावर युरोपीय देशांत सरकारी उपचार मिळतात, पण आजारी माणसाला विमानाने घरी आणायचे पैसे त्यातून मिळत नाहीत. कार्ड खिशात आहे म्हणून विमा न काढणारे तिथेच अडकतात.

विमा कंपनीचा डॉक्टर काय विचारतो

दाव्याची फाइल कंपनीच्या किंवा तिने नेमलेल्या असिस्टन्स संस्थेच्या (कंपनीच्या वतीने रुग्णाला हलवण्याची व्यवस्था करणाऱ्या) डॉक्टरकडे जाते. त्याला तीन गोष्टी ठरवायच्या असतात. हलवणं वैद्यकीयदृष्ट्या गरजेचं आहे का? याच ठिकाणी नेणं गरजेचं आहे का? आणि मागितलेलं साधनच लागेल का, की त्याहून साध्या साधनाने भागेल? घरचे सगळा जोर पहिल्या प्रश्नावर लावतात. दावे मात्र जास्त करून दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर पडतात. 'आमची माणसं तिकडे आहेत' हे दुसऱ्याचं उत्तर होत नाही. 'पुढचे सहा आठवडे रोजची फिजिओथेरपी आणि गिळण्याची थेरपी लागणार आहे, ती इथे उपलब्ध नाही, तिथे अमुक केंद्रात जागा मिळाली आहे' हे होतं.

इथेच तो प्रसिद्ध पेच येतो. तब्येत नाजूक असताना उपचार करणारे डॉक्टर हलवू देत नाहीत. हलवण्याइतकी सुधारली की विमा कंपनी म्हणते, मग साध्या तिकिटावर जा. या पेचातून बाहेर काढणारा कागद एकच, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र. आणि ते बहुतेक वेळा चुकीच्या पद्धतीने लिहिलेलं असतं.

चुकीचं पत्र असं: 'रुग्णावर मेंदूतील रक्तस्रावाची शस्त्रक्रिया झाली असून प्रकृती स्थिर आहे. रुग्ण अशक्त असल्याने आरामदायी वाहनाने नेण्यात यावे.' या दोन वाक्यांत दावा तीन वेळा मरतो. 'स्थिर' म्हणजे गरज नाही, 'अशक्त' म्हणजे काहीच मोजलेलं नाही, आणि 'आरामदायी' म्हणजे सोय. सोयीचे पैसे विमा देत नाही.

कामाचं पत्र आजाराबरोबर असमर्थता लिहिते, आकड्यांसकट. उदाहरणार्थ: 'बसतं केल्यावर दहा मिनिटांत वरचा रक्तदाब 124 वरून 88 वर येतो व घेरी येते. त्यामुळे पूर्ण प्रवास आडव्या स्थितीत आवश्यक. ऑक्सिजनशिवाय विश्रांतीत सॅच्युरेशन (रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण) 89 टक्के, 2 लिटरवर 95 टक्के. ट्रॅकिओस्टॉमीतून (श्वासासाठी गळ्यात पाडलेल्या छिद्रातून) दर दोन तासांनी सक्शन (कफ ओढून काढणे) लागते, ती प्रशिक्षित परिचारिकेनेच करावी. डाव्या पायावर सहा आठवडे भार देण्यास मनाई.' आता साधनाचा निर्णय वाचणाऱ्याला स्वतःहून दिसतो. आडवं न्यायचं म्हणजे स्ट्रेचर, सक्शन म्हणजे प्रशिक्षित सोबत, 89 टक्के म्हणजे ऑक्सिजन. पत्राच्या शेवटी एक वाक्य हवंच: याहून साध्या साधनाने नेल्यास नेमका कोणता धोका आहे. 'धोका होऊ शकतो' एवढ्याने भागत नाही. 'बसवून नेल्यास रक्तदाब घसरून बेशुद्धीचा व पडण्याचा धोका' असं लिहायला सांगा. आकडे अर्थातच केसपेपरवरचेच हवेत, कारण पत्र आणि केसपेपर ताडून पाहिले जातात.

हे निकष किती कडक असू शकतात याचा नमुना म्हणून अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याची 'बिछान्याला खिळलेला' ही व्याख्या पाहण्यासारखी आहे. मदतीशिवाय बिछान्यातून उठता येत नाही, चालता येत नाही आणि खुर्चीत किंवा व्हीलचेअरमध्ये बसताही येत नाही, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्या लागतात. तुमची पॉलिसी कुठल्याही देशातली असो, पत्रात या तिन्ही गोष्टींचं स्पष्ट उत्तर असलं की पुढचे बरेच फोन वाचतात.

नर्सिंग नोंदींकडेही लक्ष हवं. डॉक्टर लिहितात 'बसू शकत नाही' आणि त्याच दिवशीच्या नोंदीत असतं 'रुग्ण खुर्चीत बसून जेवला'. दोन्ही खरं असू शकतं. पंधरा मिनिटं बसणं वेगळं, अकरा तास बसणं वेगळं. पण नोंदीत मिनिटं लिहिली नसतील तर नकार देणाऱ्याला आयतं कारण मिळतं. डिस्चार्जच्या आधीचे दोन-तीन दिवस किती वेळ बसवलं, बसवल्यावर नाडी आणि रक्तदाब किती होते, हे लिहून ठेवायची विनंती करावी.

विमानात शरीराला काय होतं, आणि त्याचा पैशाशी संबंध

प्रवासी विमानाच्या केबिनमधला दाब सुमारे 8,000 फूट, म्हणजे साधारण 2,400 मीटर उंचीवरच्या हवेइतका खाली जाऊ शकतो. तिथे मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीवर 15 टक्के ऑक्सिजनची हवा घेतल्यासारखा असतो. निरोगी माणसाला ते जाणवतही नाही. पण जमिनीवरच 92 टक्क्यांवर असलेल्या माणसाला वर गेल्यावर ऑक्सिजन लागू शकतो. म्हणून 'वॉर्डात ऑक्सिजन लागत नाही' या शेऱ्यावर विसंबून विमा कंपनीने साधं तिकीट मंजूर केलं, तर एअरलाइन विमानात घेत नाही आणि सगळी मंजुरी पुन्हा शून्यापासून.

दुसरी गोष्ट, शरीरात अडकलेली हवा त्या उंचीवर सुमारे एक तृतीयांशाने फुगते. छातीत हवा शिरून फुप्फुस दबलं असेल तर ते पूर्ण फुलल्याचं एक्स-रेवर दिसल्यानंतरही साधारण एक ते दोन आठवडे थांबावं लागतं. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत वायूचा बुडबुडा सोडला असेल तर तो विरेपर्यंत, म्हणजे वायूनुसार दोन ते सहा आठवडे, विमान बंद. कवटीच्या शस्त्रक्रियेनंतर आत राहिलेल्या हवेचंही तेच. प्लास्टर 48 तासांच्या आतलं असेल तर लांबच्या उड्डाणासाठी ते उभं चिरून घ्यावं लागतं, नाहीतर आतली सूज रक्तपुरवठा आवळते. ट्रॅकिओस्टॉमीच्या नळीचा फुगाही वर जाताना ताणतो, त्याचा दाब मोजून कमी करावा लागतो आणि उतरताना परत भरावा लागतो. हे करायला बरोबर माहितगार माणूस लागतो, आणि म्हणूनच 'सोबत नातेवाईक चालेल' हा कंपनीचा प्रस्ताव खोडून काढता येतो.

या मुदती खर्चाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. दहा दिवस थांबलं तर प्रवासी विमानातून जाता येत असेल, तर कंपनी थांबायला सांगेल आणि ते दहा दिवस रुग्णालयाचं बिल भरेल, कारण स्वतंत्र एअर अ‍ॅम्ब्युलन्सपेक्षा ते स्वस्त पडतं. यात लबाडी नाही, बहुतेक वेळा रुग्णासाठीही तेच बरं असतं. मात्र थांबण्याचा खर्च कोण देणार हे लेखी घ्या. पॉलिसीची मुदत त्या दहा दिवसांत संपत असेल तर ते आणखी गरजेचं. रुग्णालयात दाखल असताना मुदत आपोआप वाढते असं कलम अनेक प्रवास विम्यांत असतं, पण डिस्चार्ज घेऊन हॉटेलात थांबलात की ते लागू राहीलच असं नाही.

साधनं, स्वस्ताकडून महागाकडे

प्रवासी विमानात बसून, बरोबर नर्स किंवा डॉक्टर, हा बऱ्या होत असलेल्या बहुसंख्य रुग्णांसाठीचा मार्ग. पाय वर ठेवायचे असतील किंवा पाठ टेकवून झोपायचं असेल तर सपाट होणारी बिझनेस क्लासची जागा लागते. तिला 'चैन' समजून नकार येऊ शकतो, म्हणून पत्रात 'उड्डाणादरम्यान पूर्ण आडवे होणे आवश्यक, उड्डाण व उतरण्याच्या वेळी बसू शकतो' हे वाक्य हवं. टेकऑफ आणि लँडिंगला सीट सरळ करावी लागते. तेवढंही बसवत नसेल तर ही जागा उपयोगाची नाही, थेट स्ट्रेचर.

स्ट्रेचर इकॉनॉमीच्या मागच्या रांगांवर, सीट दुमडून बसवतात. त्यासाठी साधारण सहा ते नऊ जागांचं भाडं लागतं. सगळ्या एअरलाइन्स ही सोय देत नाहीत, देणाऱ्यांच्याही सगळ्या मार्गांवर ती नसते. बसवायला वेळ लागतो, म्हणून काही दिवस आधी मागणी नोंदवावी लागते. वाटेत विमान बदलायचं असेल तर दोन्ही विमानांत स्ट्रेचर मिळालं पाहिजे आणि मधल्या विमानतळावर रुग्णवाहिकाही. थेट उड्डाण महाग दिसलं तरी हिशेबात अनेकदा तेच स्वस्त ठरतं.

एअरलाइनची परवानगी मेडिफ नावाच्या फॉर्मवर मिळते. एक भाग प्रवाशाची माहिती आणि मागण्या, दुसरा उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी भरायचा. बहुतेक एअरलाइन्स तो उड्डाणाच्या 48 ते 72 तास आधी मागतात आणि ताजाच हवा म्हणतात. मेडिफ, विमा कंपनीला दिलेलं पत्र आणि डिस्चार्ज समरी या तिन्हींत ऑक्सिजनचा आकडा एकच असू द्या. एकात 2 लिटर, दुसऱ्यात 'गरजेनुसार' आणि तिसऱ्यात काहीच नाही, अशा फायली अडकतात.

स्वतःचा ऑक्सिजन सिलिंडर प्रवासी विमानात साधारणपणे नेऊ देत नाहीत. बॅटरीवरचं पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र) चालतं, पण बॅटरी उड्डाणाच्या वेळेच्या दीडपट मागतात: नऊ तासांच्या उड्डाणाला साडेतेरा तास. शिवाय अनेक छोटी यंत्रं श्वास आत घेताना झटक्याने ऑक्सिजन सोडतात, सलग प्रवाह देत नाहीत. तोंडाने श्वास घेणाऱ्या, उथळ श्वास असलेल्या किंवा ट्रॅकिओस्टॉमीच्या रुग्णाला ती पुरत नाहीत. यंत्र भाड्याने घेताना 'सलग 2 लिटर' असं सांगून घ्या आणि वॉर्डातच ते लावून दोन तास सॅच्युरेशन बघा.

एअर अ‍ॅम्ब्युलन्स लागते ती व्हेंटिलेटरवरच्या, संसर्गजन्य आजाराच्या किंवा प्रवासी विमानाने नाकारलेल्या रुग्णाला. केबिनचा दाब समुद्रसपाटीइतका ठेवायचा असेल तर विमान खालून उडतं, इंधन जास्त जाळतं आणि वाटेत जास्त वेळा उतरतं. त्यामुळे 'समुद्रसपाटीचा दाब' हे कलम कोटेशनमध्ये असेल तर ते डॉक्टरांच्या पत्रातही असलंच पाहिजे, नाहीतर तेवढा फरक तुमच्या गळ्यात.

रस्त्याने जाताना रुग्णालयं अंतर विचारतात, तुम्ही तास मोजा. समजा अकरा तास लागतील आणि ऑक्सिजन 3 लिटर प्रति मिनिट आहे. 660 मिनिटं गुणिले 3 म्हणजे 1,980 लिटर. त्यावर निम्मा राखीव धरला की 2,970. दहा लिटर पाण्याच्या मापाचा सिलिंडर 150 बारवर भरलेला असेल तर त्यात सुमारे 1,500 लिटर. कागदावर दोन पुरतात, पण सिलिंडर तळापर्यंत वापरत नाहीत, म्हणून तीन घ्या. सक्शन आणि मॉनिटर गाडीच्या विजेवर चालतात का ते आधी चालवून पाहा. दोन चालक, दर दोन तासांनी कुशीबदल, लघवीची पिशवी रिकामी करायचे थांबे, आणि वाटेत बिघडलं तर कुठल्या रुग्णालयात वळायचं याची यादी. विमा कंपनीला हा आराखडा पाठवला तर रस्त्याच्या प्रवासाला मंजुरी लवकर मिळते, कारण विमानापेक्षा तो स्वस्त असतो आणि तिचा डॉक्टर अडतो तो नेमका 'वाटेत काय' यावर.

मंजुरी आधी, गाडी नंतर

प्रवास विम्यात हा नियम जवळपास सगळीकडे आहे: व्यवस्था असिस्टन्स संस्थेने केली किंवा तिने आधी मंजूर केली तरच पैसे. स्वतः गाडी ठरवून नंतर बिल पाठवलं तर पूर्ण नकार येऊ शकतो, किंवा 'आम्हाला जेवढ्यात पडलं असतं तेवढं' एवढंच मिळतं. पहिल्याच फोनला केस नंबर घ्या आणि प्रत्येक बोलणं त्याच नंबरावर ईमेलने पक्कं करा. दोन्हीकडच्या डॉक्टरांचं थेट बोलणं घडवून आणा, घरच्यांनी मध्ये निरोप्या होऊ नये. आणि पोचण्याच्या ठिकाणच्या रुग्णालयाचं, खाट राखून ठेवल्याचं पत्र मिळवा. खाट नाही म्हणून ठरलेलं उड्डाण पुढे ढकललं जाणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. थेट घरी न्यायचं असेल तर खाट, ऑक्सिजन आणि परिचारिका यांची सोय झाल्याचं लेखी द्या.

मंजुरी म्हणजे पैसे भरण्याचं हमीपत्र. त्यात कमाल रक्कम, कुठून कुठे, तारीख, साधन, सोबतचा माणूस आणि मुदत या सहा गोष्टी तपासा. कोटेशन 'बेडपासून बेडपर्यंत' असेल आणि हमीपत्र 'विमानतळापासून विमानतळापर्यंत' असेल, तर दोन्हीकडच्या रुग्णवाहिका तुमच्या खर्चाने.

किलोमीटरच्या हिशेबातही पैसे निसटतात. गाडीवाला जाऊन-येऊन अंतर लावतो, विमा मात्र अनेकदा रुग्ण गाडीत असतानाचेच किलोमीटर धरतो. सर्वांत जवळचं योग्य रुग्णालय 90 किलोमीटरवर असताना तुम्ही 700 किलोमीटर गेलात, तर काही योजना पूर्ण नाकारत नाहीत, पहिल्या 90 चे पैसे देतात. हे मागावं लागतं, आपणहून कोणी सुचवत नाही. अमेरिकेत 2022 पासून लागू झालेल्या कायद्याने नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे विमा कंपनीशी करार नसलेल्या, एअर अ‍ॅम्ब्युलन्सचं वाढीव बिल रुग्णाकडून घेण्यावर बंधन आलं, पण रस्त्यावरची रुग्णवाहिका त्यातून वगळलेली आहे. तिथे गाडी ठरवताना ती नेटवर्कमधली आहे का हे विचारणं भागच आहे.

एक कलम फार थोडे जण वाचतात. कंपनीच्या डॉक्टरने 'आता नेता येईल' म्हटलं, उपचार करणारे डॉक्टर सहमत झाले, आणि तरीही घरच्यांनी 'आणखी थोडे दिवस' म्हणून थांबायचं ठरवलं, तर त्या तारखेपासून पुढचे उपचार आणि नंतरचा प्रवास दोन्हींचं संरक्षण थांबू शकतं. नकार द्यायचाच असेल तर तोंडी देऊ नका. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून वैद्यकीय कारण लिहून घ्या आणि नवीन तारीख सुचवा.

दावा फेटाळला तर आधी नकाराचं कारण कलम क्रमांकासह लेखी मागा. 'वैद्यकीय गरज सिद्ध होत नाही' असेल तर उत्तर नव्या आकड्यांत आहे: त्या आठवड्यातल्या बसवण्याच्या नोंदी, फिजिओथेरपिस्टचा अहवाल, सुधारलेलं पत्र. तेच जुने कागद पुन्हा पाठवून उपयोग होत नाही. 'आधीपासूनचा आजार' असेल तर वाद तब्येतीचा राहत नाही, विमा घेताना काय जाहीर केलं होतं त्याचा होतो, तेव्हा प्रस्ताव अर्जाची प्रत काढा. 'पूर्वमंजुरी नाही' असेल तर फोनच्या वेळा आणि ईमेल हाच पुरावा. कंपनीअंतर्गत अपील संपल्यावर विमा लोकपाल किंवा तत्सम बाहेरची यंत्रणा असते. तिची मुदत नकाराच्या तारखेपासून मोजतात, म्हणून नकाराचं पाकीट किंवा ईमेल जपून ठेवा.

शेवटी सुटे पैसे. सोबतच्या नातेवाइकाचं तिकीट बहुतेक वेळा वेगळ्या कलमात असतं, तेही एकाच माणसाचं, आणि एअर अ‍ॅम्ब्युलन्समध्ये जागा असेल तरच नेतात. न वापरलेल्या परतीच्या तिकिटाचा परतावा कंपनी स्वतःकडे वळवते, तेव्हा ते तिकीट विचारल्याशिवाय रद्द करू नका. दाव्यासोबत बोर्डिंग पास, सोबतच्या नर्सची प्रवासातली नोंदवही, रुग्णवाहिकेच्या किलोमीटरची नोंद आणि पोचल्यावर रुग्ण ताब्यात घेतल्याची सहीशिक्क्याची पावती जोडा. ही शेवटची पावती घ्यायची त्या गडबडीत सगळेच विसरतात, आणि नंतर ती मागायला त्याच रुग्णालयात खेटे घालावे लागतात.